क्रमांक चौथा

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, संसदेच्या वार्षिक बैठकीत, पट्टेवाल्याने "क्रमांक चौथा" असा पुकारा केला आणि एकाच क्रमांकाला दोन माणसांनी "हजर" म्हणून उत्तर दिले.

पहिले उत्तर प्रेक्षकांच्या सज्जातून आले. दुसरे, बऱ्याच वेळाने, पुढच्या रांगेतून.

हजेरीची ही रीत देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी घालून दिली. ते पेशाने डॉक्टर. वॉर्डातली सकाळची हजेरी झाल्याशिवाय चहाला न शिवणारे. खुर्ची सोडली म्हणजे माणूस सुटला असे नाही, वर्षातून एकदा त्याने लोकांसमोर उभे राहून तोंड दाखवावे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून दर वर्षी बैठकीच्या सुरुवातीला आजवरच्या राष्ट्राध्यक्षांचा पुकारा होतो. नाव घ्यायचे नाही, नुसता क्रमांक. हयात असेल त्याने उभे राहून "हजर" म्हणायचे. नसेल त्याच्या घरच्यांपैकी कुणीतरी "नाहीत" म्हणायचे. सरकारे आली, गेली, सभागृहातल्या खुर्च्यांचे कापड दोनदा बदलले. हजेरी तशीच राहिली.

डॉक्टर मुदत संपल्यावर स्वतःची बॅग उचलून बसने घरी गेले. दुसरे सेनापती, घडी बसेपर्यंत सहा महिने थांबतो म्हणून आले आणि नऊ वर्षे घडी बसवत राहिले. तिसरे, ज्यांना आता सगळे 'थोरले' म्हणतात, ते प्रचंड बहुमताने निवडून आले, पोस्टाच्या तिकिटावर स्वतःचा चेहरा छापून घेतला, आणि वीजकेंद्रातल्या कामगारांच्या संपानंतर शहर रस्त्यावर उतरले तेव्हा एका दुपारी प्रकृती दाखवायला म्हणून विमानात बसले. राजीनामा त्यांनी विमानतळावरून पाठवला. त्या संध्याकाळी घटनेतल्या तरतुदीप्रमाणे संसदेच्या सभापतींनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या चौथ्या. लोक त्यांना 'बाई' म्हणत, अजूनही म्हणतात. बाई एक हिवाळाभर त्या खुर्चीवर होत्या. तेवढ्यात त्यांनी संचारबंदी उठवली, सहा कामगारांची फाशी रद्द करून जन्मठेप केली आणि निवडणूक लावली. स्वतः उभ्या राहिल्या नाहीत. ती निवडणूक पाचव्यांनी, म्हणजे ज्यांना 'ठेकेदार' म्हणतात त्यांनी, जिंकली; त्यांनी बांधलेले रस्ते त्यांच्या कारकिर्दीइतकेही टिकले नाहीत. आणि ठेकेदारांनंतर सहावे आले ते थोरल्यांचे चिरंजीव. त्यांना अर्थातच 'धाकटे' म्हणतात, पण त्यांच्यासमोर नाही.

तर या सोमवारी बाईंना निमंत्रण आले नव्हते. टपालात गहाळ झाले असेल, अशा समजुतीने त्या नेहमीप्रमाणे इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. दारावरच्या रक्षकाने नेहमीप्रमाणे आत सोडले. पुढच्या रांगेत माजी राष्ट्राध्यक्षांसाठी दोन खुर्च्या असतात. या वर्षी एकच होती आणि तिच्यावर ठेकेदार बसले होते. बाई वर सज्जात गेल्या. ऐंशीच्या वयात तो जिना सोपा नाही.

पट्टेवाल्याने पहिला पुकारला, दुसरा पुकारला. तिसऱ्याला व्यासपीठावरून धाकट्यांनी स्वतः "नाहीत" म्हटले. मग चौथा. पट्टेवाल्याला सकाळीच नव्या सूचना मिळाल्या होत्या: चौथ्याला ठेकेदार उभे राहतील, पाचवा पुकारा झाला की अध्यक्षमहोदय, म्हणजे धाकटे, भाषणाला उठतील. ठेकेदारांनाही त्या दिल्या होत्या. पण इतकी वर्षे पाचव्या पुकाऱ्याला उठायची सवय झालेली. ते पाचव्याची वाट बघत बसून राहिले. आणि सज्जातून बाई उठल्या.

"हजर."

सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. शेवटी मागच्या रांगेतल्या मंत्र्याने ठेकेदारांच्या खांद्याला हात लावला, तसे ते दचकून उभे राहिले आणि म्हणाले, "हां, हां, हजर!" तेव्हा मात्र विरोधी बाकांवरून हशा पिकला. धाकटे हसले नाहीत.

दोन सुरक्षारक्षक सज्जात गेले. त्यांतला एक अगदी घरच्यासारखा बोलला, "चला बाई, खाली बसू. चहा सांगतो."

"चहा झालाय माझा," बाई म्हणाल्या. "माझी हजेरीही झालीय. चला."

*

मंगळवारच्या राजपत्रात खुलासा आला. तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाळ "पुढील राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीपर्यंत अखंडित" होता, असे इतिहास समितीचे मत शासनाने स्वीकारले होते. म्हणजे थोरले पळाले नाहीत. त्यांनी मुदत पूर्ण केली. मधल्या काळात सभापतींनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने काढलेले आदेश "निर्गमित झाले नाहीत असे समजण्यात यावे." समितीत पाच प्राध्यापक होते. पाचांपैकी तिघे त्या हिवाळ्यात विद्यार्थी होते आणि संचारबंदी उठली त्या सकाळी चौकात नाचले होते. तो फोटो अजूनही उपलब्ध आहे.

शहराने मंगळवारी यावर विनोद केले. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "माझ्या सासूबाईंचा कार्यकाळ रद्द करता येईल का, समितीला विचार." वर्तमानपत्रांनी राजपत्र आतल्या पानावर छापले. धाकट्यांना बापाचे नाव धुऊन काढायचे आहे, बाकी काय, असेच सगळ्यांनी धरले.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास पोलीस वेल्डरच्या शेडवर गेले.

वेल्डर हा त्या सहा कामगारांपैकी एक. संपाच्या काळात वीजकेंद्रातल्या बॉयलरला आग लागून दोन पहारेकरी मेले होते. आग संपवाल्यांनी लावली, असे एका सहकाऱ्याने जबानीत सांगितले. त्या जबानीवर सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली आणि थोरल्यांनी त्यांचे दयेचे अर्ज एकाच दुपारी फेटाळले. बाईंनी शिक्षा बदलली आणि बॉयलरची चौकशी लावली. बॉयलर देखभालीअभावी फुटला, असे चौकशीत निघाले. तो अहवाल ठेकेदारांच्या काळात बासनात गेला. जन्मठेप भोगून सहा जण सुटले. त्यांतले चौघे आता वारले, एक परदेशात मुलाकडे आहे. सरकारच्या हाताला लागण्यासारखा उरला तो हा एक. छप्पन्न वर्षांचा, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटके बनवतो. पोलीस आले तेव्हा तो एका शाळेचे फाटक जोडत होता. डोळ्यांवरची काच वर करून त्याने विचारले, "माप घ्यायला आलात का?"

फौजदार भला माणूस होता. त्याने खाली बघत सांगितले, "तुमच्या शिक्षेचा आदेश निघालाच नव्हता म्हणे. म्हणजे बदललेल्या शिक्षेचा."

"मग कुठली शिक्षा राहिली?"

फौजदाराने बेड्या पुढे केल्या. वेल्डरच्या बायकोने तो प्रश्न ऐकला. ती डबा घेऊन आली होती.

*

गुरुवारी दुपारी राष्ट्राध्यक्ष भवनाचे शिष्टाचार सचिव बाईंच्या घरी आले. घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. बाईंचे लग्न झाले नाही. भाऊ गेल्यापासून त्या आणि त्यांची भावजय अशा दोघीच तिथे राहतात. भावजय पंचाहत्तरीची आहे, शिवणकाम करते आणि आपल्या नणंदेला राष्ट्राध्यक्ष म्हणून फारशी किंमत देत नाही. दार तिनेच उघडले.

"वन्सं, कुणीतरी कोटवाले आलेत. चपला बाहेर काढायला सांगू का, का सरकारी आहेत म्हणून तसंच येऊ देऊ?"

सचिवांनी बूट काढले. सोबत आणलेला मसुदा त्यांनी टेबलावर ठेवला. पाचच ओळी होत्या. मधल्या काळात मी केवळ सभापती म्हणून काम पाहिले, राष्ट्राध्यक्षपद मी कधीही धारण केले नाही आणि तसा दावा करत नाही. खाली सहीची जागा.

"आणि तो वेल्डर?" बाईंनी विचारले.

"अध्यक्षमहोदय उदार आहेत. आपण हे स्पष्ट केलंत की त्यांच्या बाजूनं ते नव्यानं दया दाखवतील. शिक्षा माफ. त्याच दिवशी घरी."

"नुसती सही माझी?"

"आणि त्याचा अर्ज. रीतसर. अपराधाची कबुली आणि पश्चात्ताप, नेहमीचा नमुना असतो तो."

बाईंनी मसुदा पुन्हा एकदा वाचला. "क्रमांकाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "चौथा काय, चाळिसावा काय. तो तुम्ही खुशाल घेऊन जा. पण जे मी केलं ते केलं नाही, असं लिहून कसं देऊ?"

"बाईसाहेब, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तो प्रश्न तुम्ही काल सकाळी तयार केलात."

सचिवांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, हे नमूद करायला हवे. फासाचा दोर दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून इतक्या सभ्यपणे सही मागायला प्रशिक्षण लागत असावे.

भावजय शिलाईच्या यंत्रापाशी बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "अहो साहेब, एक विचारू? रागावू नका, मला यातलं कळत नाही. वन्सं राष्ट्राध्यक्ष नव्हत्या, थोरले तर विमानातून गेले. मग ती निवडणूक लावली कुणी? मांजरानं?"

"वहिनी," बाई म्हणाल्या.

"नाही, मला सांगू द्या ना त्यांना. ती निवडणूक लागली म्हणून ठेकेदार आले. ठेकेदारांच्या हातून शपथ घेऊन हे धाकटे बसले. आता मुळात निवडणूकच लागली नसेल तर हे सगळे बसलेत कशावर?"

सचिवांनी बूट घातले. मसुदा त्यांनी टेबलावरच राहू दिला आणि शनिवारपर्यंत विचार करायला सांगितले.

*

संध्याकाळी वेल्डरची बायको आली. बाईंनी तिला बसायला सांगितले. ती उभीच राहिली.

"सचिव माझ्याकडेही आले होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही सही केलीत, तो वाचला. आता परत सही करायची की वाचतो. एवढंच आहे ना?"

"एवढंच नाही गं. त्याला लिहून द्यावं लागेल की आग त्यानं लावली."

"लिहील. मी सांगते त्याला. लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा नेला होता. सुटून आला तेव्हा मला चष्मा लागला होता. पुन्हा एकदा मला ते नाही जमणार, बाई. कागदावर काय लिहिलंय ते कोण वाचतं?"

"तो काय म्हणतो ते विचारू या."

"त्याला काय विचारायचं? तो नाहीच म्हणणार!" ती ओरडली. "म्हणून तर तुमच्याकडे आले."

शुक्रवारी दोघी तुरुंगात गेल्या. भेटीच्या खोलीत मध्ये लोखंडी जाळी आहे. वेल्डर पलीकडून आला, बसला, आणि पहिल्यांदा त्याने जाळीवरून बोट फिरवले.

"कोणी केलीय ही? जोड बघा. माझ्या शेडमध्ये असलं काम केलं असतं तर गिऱ्हाइकानं डोक्यात घातली असती."

"तुला चेष्टा सुचतेय," बायको म्हणाली.

"दुसरं काय सुचावं? जेवण तेच आहे अजून. डाळीत तेवढं पाणी वाढलंय."

बाईंनी त्याला मसुदा वाचून दाखवला आणि अर्जाचेही सांगितले. काहीही न लपवता, काहीही न सुचवता. वेल्डर ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही सही केलीत तर आमची शिक्षा बदललीच नव्हती, असं होणार. म्हणजे चौकशीही झाली नाही, बॉयलरही फुटला नाही. आग आम्हीच लावली. हो ना?"

"हो."

"चौघं मेले त्यांचंही तेच."

"मेलेल्यांचं काय जातंय?" बायको म्हणाली. "त्यांच्या घरी कोण रोज डबा भरतं? मला जिवंत माणूस पाहिजे."

वेल्डरने जाळीतून बोटे बाहेर काढता येतात का ते पाहिले. येत नव्हती. "अगं, तेव्हा मला सव्विसावं होतं. उत्तरेकडच्या इमारतीत होतो, फास चार दिवसांवर होता. तेव्हा हाच नमुना घेऊन आले होते. कबूल कर, सुटशील. रडलो मी, खोटं कशाला बोलू, साहेबाच्या पायाशी रडलो. पण लिहिलं नाही. आणि आता गुडघे दुखायला लागल्यावर लिहू?"

"माझ्यासाठी लिही."

बायको उठली आणि दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वेल्डरने आवाज खाली आणला. "बाई, ती काय म्हणते ते म्हणू द्या. मी अर्ज लिहिणार नाही. तुमची सही तुमच्याजवळ. पण तुम्ही केलीत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

"ठेवायला हवीत," बाई म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. वेल्डरची बायको खिडकीबाहेर बघत होती. उतरायच्या आधी ती एवढेच बोलली, "त्याचं काही झालं तर ते तुम्ही दोघांनी मिळून केलं, असं मी म्हणेन. सरकारला नाही म्हणणार. सरकारकडून मी काही मागितलंच नव्हतं."



*

शनिवारी सचिव आले तेव्हा मसुदा टेबलावर होता तिथेच होता, सहीशिवाय. भावजयीने त्यावर सुयांची डबी ठेवली होती. "वाऱ्यानं उडू नये म्हणून," ती म्हणाली. बाईंनी वकील केला होता आणि वेल्डरच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला होता. त्याच दिवशी शहरातल्या शाळांना इतिहासाच्या पुस्तकात चौथ्या राष्ट्राध्यक्षांच्या ओळीवर चिकटवायच्या पट्ट्या मिळाल्या. काही शाळांत मुलांनीच त्या चिकटवल्या. पट्टीखालचे वाक्य उजेडात धरले की वाचता येते, अशी एका शिक्षिकेची तक्रार आहे; तिला अधिक जाड कागद पाठवण्यात येणार आहे.

ठेकेदारांना त्यांच्या बंगल्यावर वार्ताहरांनी विचारले, की आपण पाचवे की चौथे. ते म्हणाले, "मला बसायला सांगितलं तिथं मी बसलो."

सुनावणी बुधवारी झाली. तीन न्यायाधीशांचे पीठ. बाई दुसऱ्या रांगेत, भावजय त्यांच्या शेजारी, वेल्डरची बायको तीन रांगा मागे, एकटी. बाईंनी मागे वळून शेजारची जागा दाखवली. ती जागची हलली नाही.

सरकारी वकिलांनी सुरुवात जोरात केली. इतिहास समिती, अखंडित कार्यकाळ, शासनाचे धोरण. पीठाच्या अध्यक्षांनी त्यांना वीस मिनिटे बोलू दिले आणि मग विचारले, "फाशी बदलली त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष कोण होते?"

"तिसरे राष्ट्राध्यक्ष, महोदय."

"ते कुठे होते?"

"परदेशी. उपचारासाठी."

"त्यांनी राजीनामा दिला होता ना? संसदेत वाचून दाखवला गेला. मी तेव्हा वकिली करत होतो, रेडिओवर ऐकला."

"तो विचारात घेतलेला नाही, महोदय."

"मग ते पदावर होते असं धरू. निवडणुकीचा आदेशही त्याच हिवाळ्यातला आहे. तो त्यांनी काढला?"

सरकारी वकील कागद चाळू लागले. बाईंचा वकील उभा राहिला. त्याने वाक्य थोडे सभ्य करून घेतले होते. "महोदय, आमचा प्रश्न एवढाच आहे. बाईंचा आदेश निघालाच नाही असं समजायचं, तर ती निवडणूक कुणी लावली, आणि तिच्यातून आलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून शपथ घेणारे आजचे राष्ट्राध्यक्ष कोणत्या नात्यानं पदावर आहेत?"

"मांजर गाळलं," भावजय पुटपुटली. बाईंनी तिचा हात दाबला.

सरकारी वकिलांनी मागे पाहिले. मागे शिष्टाचार सचिव बसले होते. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिले. सरकारी वकील पीठाकडे वळले आणि म्हणाले, की या मुद्द्यावर सूचना घेण्यासाठी मुदत मिळावी.

"शिक्षेला स्थगिती मागतो," बाईंचा वकील म्हणाला.

"शिक्षेची तारीख ठरलेली नाही," सरकारी वकील म्हणाले. "त्यामुळे स्थगितीचा प्रश्न उद्भवत नाही."

तिन्ही न्यायाधीशांनी आपसांत कुजबुज केली. पुढची तारीख सोमवारची दिली. स्थगितीचा अर्ज तेव्हाच ऐकू, असे सांगितले.

वऱ्हांड्यात वेल्डरची बायको बाईंच्या समोरून गेली. थांबली. "मुदत त्यांना मिळाली," ती म्हणाली. "त्याला काय मिळालं?"

बाई म्हणाल्या, "काही नाही."

ती पुढे गेली, मग परत वळली आणि बाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून दिल्या. खाली आल्यावर तिने हात सोडला आणि डबा घेऊन तुरुंगाकडे जाणाऱ्या बसच्या रांगेला लागली.

तिला त्या दिवशी भेट मिळाली नाही. वेल्डरला दुपारी सामान्य बराकीतून हलवून तुरुंगाच्या उत्तरेकडच्या वेगळ्या इमारतीत ठेवण्यात आले आहे. हे केवळ सुरक्षेसाठी आहे, असे तुरुंग अधीक्षकांनी सांगितले. त्या इमारतीत सध्या दुसरे कोणतेही कैदी नाहीत. डबा दारावर ठेवून घेण्यात आला.